दमाचा रकाना

कुंदाताई,

तुमच्या शोकसभेतलं दोन मिनिटांचं मौन एक मिनिट चाळीस सेकंदांत आटोपलं. मी मोजलं. बाकीचे मान खाली घालून उभे होते आणि मी सेमिनार रूमच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. तुम्ही असता तर जिन्यात मला गाठून विचारलं असतं, "वीस सेकंद कोणं खाल्ले सर?" मग कार्यालयातल्या कोणीतरी तुमची जन्मतारीख, शिक्षण, नोकरीत रुजू झाल्याचं साल वाचून दाखवलं. सगळं बरोबर होतं. त्यात तुम्ही कुठे सापडला नाहीत, एवढंच.

मला बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. लोकांना वाटलं, सरांना फार लागलंय. खरं सांगतो, लागल्यासारखं काही जाणवत नव्हतं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपला राहत नाही, चावला गेला तरी कळत नाही; कालपर्यंतचे बारा दिवस माझं तसंच चाललं होतं. जेवत होतो, झोपत होतो, गाडी चालवत होतो, सिग्नलला थांबत होतो. रडू आलं नव्हतं. तुम्हाला हे सांगताना संकोच वाटत नाही, कारण माझ्याकडून रडण्याची अपेक्षा तुम्ही कधी केली नसती. बर्फ वेळेवर आणण्याची केली असती.

आपण काय काम करतो हे सांगायला गेलो की मी हमखास घोळ घालायचो. मागे शाळेच्या मुली प्रयोगशाळा बघायला आल्या होत्या. मी तंतुकणिका, ऊर्जानिर्मिती, पटलाची अखंडता असं काहीबाही बोलत सुटलो आणि पोरी जांभया द्यायला लागल्या. तुम्ही मला बाजूला सारलंत. "हे पाहा गं पोरींनो, तुमच्या आंगात बारके बारके इंजिन आहेत. मायटो म्हणते त्याले. हृदयाले रक्त कमी पडलं का तिथले इंजिन बंद पडते. मंग त्याच माणसाच्या दुसऱ्या स्नायूतून चांगले इंजिन काढाचे आन् हृदयात टोचाचे. आता काढता काढता इंजिनच बिघडलं तं? म्हणून टोचाच्या आधी आम्ही त्याचा दम पाहून राहिलो." पोरी लगेच पुढे सरकल्या. त्यातल्या एकीनं विचारलं, दम कसा बघता? तुम्ही म्हणालात, "काम देऊन."

दम हा शब्द तुमचा. मी परदेशात शिकून आलो तेव्हा माझ्याकडे त्यासाठी लांबलचक इंग्रजी नाव होतं, आणि तुमच्या वहीत शेवटचा रकाना होता: "दम". अंगाइतक्या कोमट केलेल्या काचेच्या डबीत मायटो सोडायचे. आत ते ऑक्सिजन ओढतात आणि पडद्यावर एक रेघ हळूहळू उतरत जाते. मग सुईनं थेंबभर काम द्यायचं, म्हणजे ज्यापासून ते ऊर्जा बनवतात तो कच्चा माल. निरोगी असतील तर रेघ झपकन उतरते, जोरात श्वास घेतल्यासारखी. माल संपला की परत संथ होते. या दोन उतारांत जितका फरक, तितका दम. पहिल्यांदा मला हे शिकवताना तुम्ही पडद्यावर बोट ठेवून म्हणालात, "काम देल्लं का धावते, काम सरलं का दम खाते. हा पास." आणि दुसऱ्या रेघेवर, "हा उगाच चालून राहिला. काम द्या, नका देऊ, त्याले काही फरक नाही. हा नापास." मी वर्षानुवर्षं पुस्तकात वाचलेलं मला त्या सकाळी समजलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. साहेबपणा आडवा आला असेल.

याच शब्दापायी माझी जी फजिती झाली ती तुम्ही आयुष्यभर वापरलीत. अहवाल पाठवायची घाई होती आणि मी तुमच्या वहीतला तक्ता जसाच्या तसा इंग्रजीत उतरवला. शेवटच्या रकान्यावर रोमन लिपीत लिहिलं: डी, यू, एम. बाहेरच्या तज्ज्ञांकडून अत्यंत गंभीर पत्र आलं, की ही नवी चाचणी दिसते, तिचं पूर्ण नाव कळवावं. चूक झाली असं सरळ लिहायचं सोडून मी घाबरून तीन शब्द जुळवले, डायनॅमिक युटिलायझेशन मेझर, आणि पाठवून दिले. त्यांनी ते मान्य केलं! तुम्ही डोक्याला हात लावून बसलात. "आमच्या दमाले इंग्रजी नाव भेटलं बाप्पा. आता त्याचा जातीचा दाखला बी काढा." त्यानंतर मी कुठेही फुशारकी मारायला लागलो की मागून हळूच आवाज यायचा, "डायनॅमिक."

तुमचा तो तपकिरी स्वेटर शीतगृहाच्या दाराशी खिळ्यावर लटकलेला असायचा. बाहेर नागपूरचा मे महिना, डांबर चपलेला चिकटतंय, आणि तुम्ही नंदनवनहून स्कूटीवर तोंडाला ओढणी गुंडाळून यायच्या, ओढणी सोडायच्या आणि स्वेटर चढवायच्या. कोपराला हिरव्या लोकरीचं ठिगळ. मी त्यावरून चिडवलं की म्हणायच्या, "मायटोले गरमी चालत नाही, मले थंडी चालत नाही. दोघांचं भागवा लागते." लोकांसमोर मी तुमचा सर. पण काम करताना माझा हात चुकला की तुमच्या तोंडून निघायचं, "काहून गा सर?" तो अरेतुरेतला गा आणि सर एकाच वाक्यात. दुसऱ्या कुणी मला गा म्हटलेलं मी खपवून घेतलं नसतं. तुमच्या तोंडून ते ऐकू आलं की मला खात्री असायची, की आज चूक पुढे जाणार नाही.

आता त्या गुरुवारचं लिहितो. तेवढ्यासाठीच हे लिहायला बसलोय.

माणसांवरच्या पहिल्या चाचणीची परवानगी मागायची होती. टोचण्याआधी मायटोची प्रत कशी तपासणार, हे एका तक्त्यात लिहून समितीपुढे ठेवायचं होतं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, मायटो तयार झाल्यापासून टोचेपर्यंत मी फक्त पंधरा मिनिटं थांबू शकतो, छाती उघडी ठेवून याहून जास्त नाही. आपली दमाची चाचणी चाळीस मिनिटांची. मी ती काढून टाकली. ठेवल्या दोनच: मायटो किती आहेत त्याची मोजणी, आणि रंग टाकून पटल शाबूत आहे का ते बघणं. दोन्ही मिळून दहा मिनिटांत होतात. आणि खाली तीन सह्या: माझी, डॉक्टरांची, आणि प्रत्यक्ष चाचणी करणाऱ्याची.

तुम्ही कागद वाचलात, उलटा केलात, परत सुलटा केलात. "दमाचा रकाना कुठं गेला?"

मी वेळेचं सांगितलं. रंग चमकतो म्हणजे मायटो जिवंत आहेत, तेवढं पुरे, असंही म्हणालो. वर इतवारीतल्या आमच्या भांड्यांच्या दुकानाचा विषय काढला. बाबा पातेल्याला टिचकी मारायचे आणि आवाजावरून सांगायचे, चीर आहे की नाही. प्रत्येक पातेल्यात कोणी स्वयंपाक करून बघत नव्हतं.

"टिचकीनं चीर समजते सर. भात शिजते का हे चुलीवर ठेवल्याबिगर समजत नाही."

"ताई, इथे चुलीवर ठेवायला वेळ नाही."

"आन् दम नसलेले टोचले तं? फुटक्या मायटोतून काय काय सांडते ते तुम्हीच शिकवलं न मले. ते दुखऱ्या हृदयाले अजून दुखवते म्हणून. तो माणूस टेबलावर बेहोश पडून राहीन. तो थोडी म्हणणार आहे का माह्यासाठी थांबा म्हणून."

मी थकलो होतो, सोमवारी कागद जायचा होता, डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले होते. ही कारणं तुम्हाला देण्यात अर्थ नाही, तुम्ही कारणांना शेरा म्हणायच्या आणि शेऱ्यानं आकडा बदलत नाही. मी म्हणालो, "तुमचं मत मागितलेलं नाही. सही मागितली आहे."

तुम्ही पेनाला टोपण लावलंत. आवाज चढवला नाहीत. "सही हातानं होते सर. पण हात माह्याच आंगाचा आहे न."

मी माझ्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं.

शुक्रवारी आपण बोललो नाही. तुम्ही सकाळपासून ऑक्सिजनच्या डबीपुढे माझ्याकडे पाठ करून बसला होतात. चार वेळा मी तिथून गेलो. एकदाही मागे वळला नाहीत. रुसल्या आहेत, असं मी धरून चाललो. मलाही ताठा होता. म्हटलं, सोमवारी बघू. संध्याकाळी तुम्ही स्वेटर खिळ्याला लावलात, "येतो सर" म्हणालात. मी कॉम्प्युटरमधून डोकं वर न काढता हूं केलं. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. माझ्या बाजूनं तर तो शब्दही नव्हता.

शनिवारी अकरा वाजता पल्लवीचा फोन आला. "सर, मम्मी गेली."

मी विचारलं, "कुठे?"

तुमच्या लेकीला मी हे विचारलं, ताई. मग तिनंच मला समजावून सांगितलं, की तुम्ही मेथी निवडत होतात, चक्कर आली म्हणालात, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मी अच्छा म्हटलं. बैठक पुढे ढकलल्याचं कळवलं की म्हणतो तसं.

रविवारी नंदनवनला आलो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं गल्लीच्या तोंडापर्यंत उभी होती. भंतेजींच्या मागून सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं. मला शब्द येत नव्हते, मी नुसते ओठ हलवले. इतकी वर्षं शेजारी काम करून तेवढे शब्दही मी तुमच्याकडून शिकलो नव्हतो. शेजारच्या बाई कुणाला तरी सांगत होत्या, "लय हसवाची वं." मी तुमच्या पायांशी फुलं ठेवली. पाय हाताला थंड लागले, बर्फाचा सराव असल्यामुळे दचकलो नाही. घरी आलो आणि जेवलो. दोन पोळ्या.

सोमवारी प्रयोगशाळेत गेलो. नमुन्याचा एक तपासणी अहवाल कागदासोबत जोडायचा होता, तो तुम्ही करणार होतात. मीच करायला घेतला. पुष्कळ वर्षांनी स्वतःच्या हातानं. स्नायूचा तुकडा बर्फावर घेतला, कातरला, काचेच्या नळीत टाकला आणि दांड्यानं घोटायला लागलो. मागे पद्धत लिहून काढताना मी तुम्हाला विचारलं होतं, किती वेळा घोटायचं? तुम्ही म्हणाला होतात, "दांडा हलका झाला का थांबाचं. त्याच्यावर एक बी नाही." मला आकडा हवा होता, म्हणून मी आठ लिहिला. सोमवारी पाचपर्यंत मोजलं असेन. त्यानंतरचं आठवत नाही. मनगट दुखायला लागलं तेव्हा कळलं की हात चालूच आहे. दांडा केव्हाचा हलका झाला होता आणि मला जाणवलं नव्हतं.

तरी पुढे नेलं. गाळलं, यंत्रात गरगर फिरवलं, मोजणी केली: भरपूर. रंग टाकला: चमकला. थोडा फिका, पण मी ठरवलेल्या मर्यादेत. दहा मिनिटांत दोन्ही चाचण्या पास. कागदावर माझी सही झाली. डॉक्टरांची आधीच होती. तिसरी चौकट रिकामी. तिथे आता मीच सही करू शकत होतो, कारण प्रत्यक्ष चाचणी मीच केली होती. मला त्याचं काही वाटलं नाही. बरंच झालं, असंसुद्धा मनात येऊन गेलं. बधिर माणूस काय काय करू शकतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

आकडे उतरवायला तुमची वही उघडली.

शुक्रवारचं पान भरलेलं होतं. मी धरलेला रुसवा त्यात कुठेच नव्हता. एकाखाली एक पाच ओळी. पहिल्या ओळीत, चाळीस मिनिटं. खाली, "डबी आधीच गरम करून ठेवली, अठ्ठावीस." त्याखाली, "स्नायू कातरणं चालू असतानाच जुळवणी उरकली, एकोणीस." मग, "एकदाच काम देल्लं, तीनदा नाही, चौदा." शेवटची ओळ, "लहान डबी, अकरा मिनिटं. दम बरोबर येते." खाली दोन रेघा मारून लिहिलेलं होतं:

"सरले सोमवारी दाखवाचं."

मी ते पान किती वेळ बघत होतो ते मोजलेलं नाही. मग बर्फावर उरलेला नमुना उचलला. तुम्ही लिहिलं होतं तसंच सगळं केलं. डबी गरम, लहान डबी, एकदाच काम. रेघ संथ उतरत होती. सुईनं थेंब सोडला आणि वाट पाहिली. रेघ तशीच. मी काम दिलं होतं आणि पलीकडून काही उत्तर नव्हतं. दुसरा थेंब सोडला. काही नाही. माझ्या त्या न मोजलेल्या घोटण्यानं त्यांची बाहेरची पटलं फुटली होती; रंग फक्त आतलं पटल दाखवतो. चमक होती, दम नव्हता. आणि मी ठरवलेल्या तक्त्याप्रमाणे ते टेबलावरच्या माणसाच्या हृदयात गेले असते, माझ्या सहीनं.

तुमच्या हातानं चाचणी अकरा मिनिटांची. मला तेरा, पण तो माझा हात.

डॉक्टरांना फोन करून कागद परत घेतला. ते चिडले, साहजिक आहे. मी म्हणालो, तुमची पंधरा मिनिटं पाळतो, मोजणी आणि रंग दमाची रेघ चालू असतानाच उरकू, पण दमाचा रकाना परत येईल, आणि तो नापास झाला तर टोचायचं नाही. आता समितीची बैठक पुढच्या फेरीत. तुमच्या वहीत सोमवारचं पान मी भरलं आहे. मोजणी: पास. रंग: पास. दम: नाही. आणि शेऱ्यात, "चूक हाताची. हात माझा." शेऱ्यानं आकडा बदलत नाही, माहीत आहे. तरी लिहिलं.

काल पल्लवी तुमच्या वस्तू न्यायला आली होती. चष्म्याचं घर, कप, तो स्वेटर. स्वेटर तिनं नाकाशी धरला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. खिळा आता मोकळाच आहे. मी तिला गुरुवारचं सांगायचं ठरवलं होतं. तुझ्या आईला मी हे हे बोललो, असं सरळ. तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "तुमचं भांडण झालं होतं न? मम्मीनं सांगतलं मले. हसून राहिली होती."

"हसत होत्या?"

"हो. म्हणे, सरले चार दिवस लागते समजाले. गुरुवारी भांडलं का सोमवारी येते लायनीवर. मंग स्वतःहून चहा सांगते."

 मी तुमच्या स्टुलावर बसलो. वही समोरच होती. पल्लवीनं तुमचं अक्षर पाहिलं, पान उलटलं, शुक्रवारवर थांबली. बोटानं ओळी वाचत खाली आली.

"सरले सोमवारी दाखवाचं," ती मोठ्यानं म्हणाली, आणि माझ्याकडे बघून अगदी साधं विचारलं, "मंग राहूनच गेलं न सर दाखवाचं?"

तेव्हा गाल चावला गेल्याचं कळलं, ताई. बारा दिवसांचं सगळं एकदम. तुमच्या लेकीसमोर, भर दुपारी, तुमच्या स्टुलावर बसून मी रडलो, आणि ती बिचारी माझ्यासाठी पाणी शोधायला लागली.

"नाही," मी तिला म्हणालो. "सोमवारीच दाखवलं त्यांनी."